गिरगांवच्या वाड्या व तेथील लोकजीवन

गेल्या जून महिन्यांत इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांस आम्हीं एक निबंध लिहावयास सांगितला होता. विषय सोपा होता : "आमची वाडी." बहुतेक मुलांनीं वहीचीं दोन-दोन पानें भरलीं. कोणी गणेशोत्सवाचें वर्णन केलें, कोणी वाडींतील क्रिकेटच्या सामन्यांचें. एका विद्यार्थ्यानें मात्र दोनच वाक्यें लिहिलीं होतीं. "आमच्या वाडींत कांहीं घडत नाहीं. इमारत रिकामी करण्याची नोटीस तेवढी लागली आहे."

ह्या दोन वाक्यांस गुण किती द्यावे हा प्रश्न आम्हांस पडला. निबंध म्हणून पाहतां त्यांत कांहींच नव्हतें; परंतु दुसरें वाक्य खरें होतें, आणि म्हणूनच पहिलें वाक्य तपासून पाहण्याची घाई होती. आम्हीं ती वही गुण न देतां परत केली व त्या मुलास म्हटलें, "पहिलें वाक्य खरें कीं खोटें हें आपण मिळून पाहूं; गुणांचें मग ठरवूं." पुढें पावसाळा ओसरल्यावर चार शनिवार, शाळा सुटल्यानंतर, पंधरा-सोळा मुलांमुलींसह आम्ही गिरगांवच्या वाड्या पायीं हिंडलों. प्रस्तुत लेख हा त्या हिंडण्याचा व त्याच्या अनुषंगानें केलेल्या वाचनाचा सारांश होय.

१. नांवें काय सांगतात

कोणत्याहि स्थळाचा अभ्यास त्याच्या नांवापासून सुरू करावा. मलबार टेकडीच्या पायथ्याशीं वसलेलें तें गिरिग्राम, व त्यावरून गिरगांव, अशी ह्या नांवाची उपपत्ति सामान्यपणें सांगितली जाते. आंतील वाड्यांचीं नांवें तर ह्याहून बोलकीं आहेत. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी हीं नांवें आमचीं मुलें रोज उच्चारितात. पण त्यांत फणस, केळी आणि आंबा आहे हें पहिल्या शनिवारीं एका मुलीनें मोठ्यानें म्हटलें, तेव्हां सगळ्यांस हसूं आलें. मुगभाट व बोरभाट ह्यांतील 'भाट' हा शब्द कोंकणांत व गोमंतकांत बागाईत जमिनीस लावितात. तात्पर्य, आज जेथें उन्हाचा कवडसा शोधावा लागतो तेथें एके काळीं झाडांची सावली होती.

वाडी म्हणजे मूळची बाग. बागा जाऊन घरें आलीं, घरें जाऊन चाळी आल्या, आणि आतां चाळी जाऊन मनोरे येत आहेत. नांव तेवढें पहिल्या झाडाचें राहिलें आहे. ह्यावरून विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. गिरगांव बदलत आहे हें नवल नव्हे. तें कधींहि स्थिर नव्हतें. प्रत्येक बदलांत काय गेलें, काय आलें, आणि जें गेलें त्याची नोंद कोणी ठेविली, हा खरा प्रश्न आहे.

२. खोताची वाडी

पहिली भेट आम्हीं खोताच्या वाडीस दिली. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत नांवाच्या पाठारे प्रभु गृहस्थांनीं आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांस विकले, व त्यांतून ही वाडी उभी राहिली असें सांगतात. ईस्ट इंडियन म्हणजे परदेशांतून आलेले लोक नव्हेत. मुंबई, साष्टी व वसई येथील हे मूळचे रहिवासी असून त्यांची घरची बोली मराठीचीच एक बोली आहे. 'ईस्ट इंडियन' हें नांव त्यांनीं १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास पन्नास वर्षें झालीं त्या सुमारास, धारण केलें.

लांकडी कठड्याच्या ओसऱ्या, बाहेरून चढणारे जिने, उतरत्या कौलांचीं छपरें व दारापुढें फुलझाडांच्या कुंड्या अशी येथील घरांची ठेवण आहे. कोणे काळीं अशीं सुमारें पासष्ट घरें होतीं. आज निम्म्याहूनहि कमी उरलीं आहेत. गिरगांवच्या गल्ल्यांतून जे लहान क्रूस दिसतात त्यांपैकीं कित्येक १८९६ च्या प्लेगच्या साथींत व तिच्यानंतर उभे राहिले. घरांत मृत्यु शिरला असतां माणसांनीं रस्त्यावर एकत्र येऊन प्रार्थना करावी, ह्या गरजेचीं तीं चिन्हें होत. त्या साथीनंतर १८९८ सालीं मुंबई शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला, दाट वस्तींतून रुंद रस्ते काढण्यांत आले, व त्यांतूनच सँढर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, निर्माण झाला. नोटीस चिकटवून घरें रिकामीं करविण्याचा प्रकार गिरगांवांत आजकालचा नव्हे, हें येथें मुलांस समजलें.

३. चाळ व तिची गॅलरी

मुंबईंत कापसाचा व्यापार, आगगाडी, गिरण्या, न्यायालयें व कचेऱ्या वाढल्या तसा कोंकणांतून व देशावरून नोकरीसाठीं येणाऱ्या माणसांचा लोंढा वाढला. त्यांच्यासाठीं चाळी उठल्या. एका मजल्यावर ओळीनें खोल्या, समोरून एकच लांब गॅलरी, टोकाला सामाईक संडास, नळास ठराविक वेळींच पाणी, ही चाळीची रचना होय. खोली दहा-बारा फुटांची. तींत स्वयंपाक, निजणें, अभ्यास, बाळंतपण व आजारपण सर्वच. अर्थात् ज्यास खोलींत जागा नव्हती तो गॅलरींत आला. मुलें गॅलरींतील दिव्याखालीं अभ्यास करीत, म्हातारे वर्तमानपत्र मोठ्यानें वाचीत, बायका धान्य निवडीत, आणि एकाच्या घरीं तार आली तर तिचा मजकूर दहा घरांस कळे.

आमचें असें मत झालें आहे कीं, गिरगांवच्या कलाजीवनाचें मूळ ह्या गॅलरींत आहे. कला करणारा मनुष्य कोठेंहि जन्मतो. परंतु त्यास ऐकणारा, पाहणारा, हंसणारा व चूक दाखविणारा शेजारी हवा असतो. गिरगांवांत असा शेजारी भिंतीपलीकडे फुकट मिळे, मागितला नसतांहि मिळे. पु. ल. देशपांडे ह्यांचा जन्म १९१९ सालीं जवळच्याच गांवदेवींत झाला, आणि त्यांचें 'बटाट्याची चाळ' हें पुस्तक १९५८ सालीं निघालें. त्यांतील चाळ कल्पित असली तरी तिच्यावर हंसणाऱ्या पहिल्या वाचकांस आपापली गॅलरी आठवली असली पाहिजे.

ह्या शेजाराला उत्सवाचें रूप आलें तें केशवजी नाईक चाळींत. मुंबईंतील पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ सालीं ह्या चाळींत सुरू झाला असें मानितात, व १९०१ सालीं लोकमान्य टिळकांनीं तेथें भेट दिली. इतर ठिकाणीं मूर्ति वर्षानुवर्षें उंच होत गेल्या. ह्या चाळीनें लहान मूर्तीची रीत सोडली नाहीं. सण ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा. परंतु त्या मांडवांत उभारलेला रंगमंच साऱ्या वाडीचा असे. कारकून, शिक्षक, जुळारी व दुकानदार ह्यांनीं तोंडाला रंग लावून पहिलें भाषण किंवा पहिली भूमिका केली ती बहुधा अशाच मांडवांत. सभेंत बोलणें, हिशेब चोख ठेवणें, वर्गणी मागतांना अपमान गिळणें व भांडण मिटवून पडदा वेळेवर वर नेणें, हें शिक्षण शाळेंतून मिळत नाहीं. तें वाडीनें दिलें.

४. खिळे, पुस्तकें व वाद

दुसऱ्या शनिवारीं आम्हीं छापखान्यांचा विषय घेतला. गिरगांवास लागूनच काळबादेवींत कोलभाट गल्लींत जावजी दादाजी ह्यांचा निर्णयसागर छापखाना होता. जावजी हे गरिबींत वाढलेले. लहानपणीं ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम ह्यांच्या हाताखालीं खिळे घासण्याच्या कामास लागले व तेथेंच त्यांनीं खिळे पाडण्याची कला आत्मसात केली. पुढें १८६९ सालीं त्यांनीं निर्णयसागर सुरू केला, आणि त्याच्या सुबक देवनागरी खिळ्यांनीं छापलेले संस्कृत व मराठी ग्रंथ देशभर गेले. आमच्या विद्यार्थ्यांनीं ह्यांतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, कामाचा आरंभ खिळे घासण्यापासून झाला म्हणून त्याचा शेवट तेथेंच होतो असें नाहीं. दुसरी, एका समाजानें आणलेली विद्या दुसऱ्या समाजाच्या हातीं गेली कीं ती दोघांचीहि होते.

देवनागरी मजकूर हातानें जुळविणें हें फार कष्टाचें काम असे. जोडाक्षरांमुळें कित्येक शें प्रकारचे खिळे वेगवेगळ्या खणांत ठेवावे लागत, व जुळारी ते उलट्या अक्षरांत वाचून ओळ लावीत असे. असे जुळारी वाड्यांतून राहत. लेखकाचें घर, जुळाऱ्याची खोली, छापखाना व पुस्तकाचें दुकान हीं सर्व पायीं जाण्याच्या अंतरांत असल्यामुळें गिरगांव हें मराठी पुस्तकांचें एक मोठें केंद्र झालें.

खटाववाडींतील मौज प्रकाशनाचें नांव ह्या संबंधांत प्रथम घेतलें पाहिजे. त्याच घराण्यांतील 'सत्यकथा' मासिकानें मराठी कथेस व कवितेस नवें वळण दिलें. संपादक श्री. पु. भागवत हे हस्तलिखिताचें वाचन किती बारकाईनें करीत हें त्यांच्या लेखकांनींच पुढें सांगितलें आहे. परंतु ह्या मासिकाविरुद्ध रागहि होता. १९६९ सालीं लघुनियतकालिकांच्या तरुण लेखकांनीं 'सत्यकथे'ची होळी केली. ठराविक वर्गाच्या चौकटीबाहेरचें लिखाण तेथें शिरूं शकत नाहीं अशी त्यांची तक्रार होती. अंक जाळणें आम्हांस मान्य नाहीं. तथापि तक्रार करणाऱ्यांतून पुढें मराठीस मोठे लेखक मिळाले हेंहि खरें. १९८२ सालीं 'सत्यकथा' बंद पडलें. आज त्या मासिकाचे चाहते व टीकाकार दोघेहि त्याचे जुने अंक शोधीत फिरतात.

मॅजेस्टिक बुक स्टॉल १९४२ सालचा. कोठावळे कुटुंबानें चालविलेल्या ह्या दुकानाचा पुढें प्रकाशनव्यवसाय झाला, व १९६४ सालीं 'ललित' हें ग्रंथविषयक मासिक निघालें. ज्या मॅजेस्टिक चित्रगृहाच्या नांवाशीं ह्या दुकानाचें नांव जुळतें तें चित्रगृह केव्हांच पाडलें गेलें. चित्रगृह गेलें, नांव पुस्तकांवर राहिलें.

५. पडदा, गाणें व नाटक

त्या पाडलेल्या चित्रगृहाची हकीकत मुलांस फार आवडली. १४ मार्च १९३१ रोजीं हिंदुस्थानांतील पहिला बोलपट 'आलम आरा' तेथें लागला, आणि गर्दी आवरण्यास पोलीस बोलवावे लागले. त्यापूर्वी अठरा वर्षें, ३ मे १९१३ रोजीं, दादासाहेब फाळके ह्यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगांवांतल्याच कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांसाठीं दाखविण्यांत आला होता. फाळक्यांस चित्रपटाची प्रेरणाहि येथेंच मिळाली. १९११ च्या सुमारास त्यांनीं गिरगांवांतील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्यें ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहिला, व आपल्या पुराणांतील कथा अशाच पडद्यावर कां येऊं नयेत, ह्या विचारानें त्यांस झपाटलें. मूकपट व बोलपट ह्या दोन्हींचा पाळणा ह्या एका वस्तींत हलावा, हा केवळ योगायोग नव्हे. संध्याकाळीं कचेरी सुटल्यावर चार आणे खर्चून नवी वस्तु पाहण्यास उत्सुक असा प्रेक्षक चित्रगृहाच्या आसपासच राहत होता.

गाण्याचेंहि तसेंच. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांनीं १९०१ सालीं लाहोर येथें स्थापिलेलें गांधर्व महाविद्यालय १९०८ सालीं मुंबईस आलें. सँढर्स्ट रोडवर त्याची मोठी इमारत उठली. परंतु कर्ज डोईजड होऊन १९२४ सालीं ती लिलांवांत गेली. संस्था गेली म्हणून विद्या गेली नाहीं. पुढच्याच वर्षीं, १९२५ सालीं, त्यांचे शिष्य बा. र. देवधर ह्यांनीं ऑपेरा हाऊसजवळ आपलें संगीत विद्यालय काढलें, आणि १९३५-३६ च्या सुमारास बेळगांवकडील अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा त्यांच्याकडे शिकावयास आला. तोच पुढें कुमार गंधर्व ह्या नांवानें अवघ्या देशास ठाऊक झाला.

नाटकासाठीं मुंबई मराठी साहित्य संघाकडे पहावें. १९३५ सालीं स्थापन झालेल्या ह्या संघास डॉ. अ. ना. भालेराव ह्यांनीं रंगभूमीच्या कार्याकडे वळविलें. बोलपटांच्या आगमनानें नाटकमंडळ्या मोडत असतां संघानें नाट्यमहोत्सव भरवून ती ज्योत राखली. केळेवाडींतील संघाचें नाट्यगृह १९६४ सालीं उभें राहिलें. त्याला डॉक्टरांचेंच नांव आहे. ज्या वर्षीं हें नाट्यगृह उघडलें त्याच वर्षीं मुंबईची ट्राम बंद झाली. ह्या दोन गोष्टींचा परस्परसंबंध नाहीं. परंतु ट्रामनें किंवा पायीं नाटकाला येणारी पिढी त्यानंतर हळूहळू उपनगरांकडे गेली, आणि प्रयोग संपल्यावर शेवटची लोकल गांठण्याची घाई प्रेक्षकांस होऊं लागली.

६. ह्या चित्राची दुसरी बाजू

येथवरचा भाग वाचून वाचकांस वाटेल कीं आम्ही चाळीची स्तुति गात आहों. तसें करणें अप्रामाणिकपणाचें होईल. चौथ्या शनिवारीं आम्ही त्या दोन वाक्यांच्या निबंधकाराच्या वाडींत गेलों. लांकडी खांबांस टेकू लावले होते, जिन्याची एक पायरी निखळलेली होती, व दाराशीं ती नोटीस होती. मुलाच्या आजी गॅलरींत बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. आमच्यापैकीं कोणीसें गॅलरीचें कौतुक केलें तेव्हां त्या म्हणाल्या, "बाळांनो, गॅलरीचें कौतुक तुम्ही खुशाल करा. पण भर पावसांत रात्रीं कंदील घेऊन संडासाच्या रांगेंत उभें राहणें मी विसरलें नाहीं. पहाटे चारला उठून नळावर बादली लावणें विसरलें नाहीं. गुरुजी, मला आतां घरांत संडास हवा, आणि वर जायला लिफ्ट हवी. माझे गुडघे तुमच्या आठवणींवर चालत नाहींत."

हें ऐकून आम्ही वरमलों. ज्यांनीं चाळ सोडून मोठें घर घेतलें, त्यांनीं मागें राहिलेल्यांस चाळींतच राहण्याचा उपदेश करणें शोभत नाहीं. शिवाय चाळीचा शेजार सर्वांस खुला नव्हता. पुष्कळ वाड्या जातवार असत. खोली देतांना आधीं आडनांव विचारलें जाई. गॅलरींतील स्नेह खरा होता, पण त्या गॅलरीचा जिना कित्येकांस चढूं दिला जात नसे. हें विसरून लिहिलेला इतिहास अर्धा होय.

इमारती अशा मोडकळीस कां आल्या, ह्याचें कारणहि मुलांस सांगणें आवश्यक होतें. घरांची टंचाई असतां मालकांनीं भाडेकऱ्यांस नाडूं नये म्हणून १९४७ सालीं भाडेनियंत्रणाचा कायदा झाला व भाडीं १९४० च्या पातळीवर बांधलीं गेलीं. हेतु चांगला होता, व त्यामुळेंच सामान्य कारकुनास, गायकास आणि लेखकास शहराच्या मध्यभागीं राहतां आलें. परंतु महागाई वाढली तरी भाडें तेंच राहिल्यामुळें मालकानें दुरुस्तीकडे पाठ फिरविली. १९६९ सालीं कायदा होऊन जुन्या इमारतींवर उपकर बसला व दुरुस्तीसाठीं सरकारी मंडळ आलें. तथापि टेकूवर टेकू लावून इमारत किती दिवस उभी राहणार? शेवटीं, भाडेकऱ्यांस नवें घर विनामूल्य द्यावें व त्याबदल्यांत विकासकानें वाढीव मजले बांधून विकावे, अशी पुनर्विकासाची रीत पडली. म्हणजे ज्या स्वस्त भाड्यानें गिरगांवांत कला नांदली, त्याच भाड्यानें तिच्या डोक्यावरचें छप्पर कमकुवत केलें. एकाच कारणाचीं दोन फळें कशीं असतात ह्याचें इतकें चांगलें उदाहरण अर्थशास्त्राच्या पुस्तकांत क्वचित् मिळेल.

७. आजचें गिरगांव

ऑक्टोबर २०२५ मध्यें भुयारी मेट्रोचें गिरगांव स्थानक सुरू झालें. त्याच्या खोदकामापायीं गिरगांव व काळबादेवी येथील कित्येक जुन्या इमारती पाडाव्या लागल्या व कुटुंबांस वर्षानुवर्षें दुसरीकडे रहावें लागलें. आतां उपनगरांतून साहित्य संघापर्यंत येणें पूर्वीपेक्षां सोपें झालें आहे. जी पिढी दूर गेली तिचीं नातवंडें नाटक पाहण्यास परत येऊं शकतील. तीं येतील कीं नाहीं हें त्यांच्यावर आहे.

जुनें सर्वच जातें असेंहि नाहीं. नव्वदीच्या दशकांत बंद पडलेलें रॉयल ऑपेरा हाऊस काळजीपूर्वक दुरुस्त होऊन २०१६ सालीं पुन्हां उघडलें. इच्छा, पैसा व जाणकार कारागीर एकत्र आले तर वास्तु वांचविता येते. परंतु प्रत्येक चाळ ऑपेरा हाऊस नव्हे, व प्रत्येक चाळ वांचवावी असेंहि आम्ही म्हणत नाहीं. आमचें म्हणणें निराळें आहे. जुन्या चाळींत शेजार आपोआप घडे, कारण जागा नव्हती. नव्या मनोऱ्यांत जागा असेल, दार बंद करतां येईल, व म्हणूनच शेजार मुद्दाम घडवावा लागेल. आराखडा ठरतांना रहिवाशांनीं मोटारींच्या जागेची चौकशी जितक्या हिरिरीनें केली जाते तितक्याच हिरिरीनें एका सामाईक दिवाणखान्याची, वाचनालयाच्या एका खोलीची, लहानशा रंगमंचाची मागणी केली पाहिजे. गॅलरी परत येणार नाहीं. गॅलरीचें काम करणारें कांहीं तरी मागून घेतां येईल.

८. आजींची पेटी

आमची भेट संपत आली असतां आजींनीं नातवास खाटेखालची पत्र्याची पेटी ओढावयास सांगितली. त्यांचे यजमान छापखान्यांत जुळारी होते. पेटींत त्यांनीं घरीं आणलेलीं मुद्रितें, खिळे उचलण्याचा एक जुना चिमटा, व १९७२ च्या गणेशोत्सवाचें एक हस्तपत्रक होतें. वाडीच्या हौशी मंडळींनीं केलेल्या नाटकाचें तें पत्रक. कलावंतांच्या यादीच्या तळाशीं, सर्वांत लहान टंकांत, 'पाठीमागून सांगणारे' म्हणून मुलाच्या आजोबांचें नांव होतें. आजी म्हणाल्या, "तें पत्रक त्यांनींच जुळविलें होतें. स्वतःचें नांव सर्वांत बारीक खिळ्यांत घातलें. आणि मला वाचायला शिकविलें तें ह्याच मुद्रितांवर. चुकलेलें अक्षर शोधून दाखविलें कीं एक लिमलेटची गोळी." समोरच्या खोलींतील एक गृहस्थ रात्रीं पेटी वाजवूं लागले कीं दहाच्या ठोक्यास भिंतीवर थापा मारणारे, आणि त्यांच्या जाहीर कार्यक्रमास मात्र पहिल्या रांगेंत बसणारे हेच आजोबा, हेंहि त्यांनीं हंसत सांगितलें.

मुलगा पत्रक हातांत धरून बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. आजोबांचा चेहरा त्यास आठवत नव्हता. ह्या पेटीवर तो रोज रात्रीं दप्तर ठेवीत असे.

इमारत रिकामी होईल तेव्हां अशा पेट्यांचें काय होतें, हें आम्हीं पुढच्या आठवड्यांत एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यास विचारलें. लोखंड, पितळ व शिसवी लांकूड तो तोलून घेतो. कागद रद्दींत जातो.

९. विद्यार्थ्यांस एक काम

म्हणून ह्या लेखाच्या शेवटीं आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस एक काम सांगतों. सुटीमध्यें एक वही घ्यावी व घरांतील किंवा वाडींतील सर्वांत वृद्ध मनुष्याजवळ बसून पुढील पांच प्रश्नांचीं उत्तरें लिहून काढावीं. आपलें कुटुंब ह्या वाडींत केव्हां व कां आलें? वाडींत कोणकोणते व्यवसाय करणारे लोक राहत असत? नाटक, भजन, व्याख्यान, नाताळचीं गाणीं, खेळ ह्यांपैकीं काय होई, आणि तें कोण करीत असे? कोणास येथें राहूं दिलें जात नसे? कोणती वस्तु किंवा कागद त्या काळापासून घरांत आहे? चौथा प्रश्न विचारावयास संकोच वाटेल. तो टाळूं नये. उत्तर जसें मिळेल तसें, बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहावें, सुधारूं नये. ज्यांच्या घरीं हस्तपत्रकें, जुनीं छायाचित्रें, वर्गणीच्या पावत्या असतील त्यांनीं मूळ वस्तु घरींच जपावी व तिची प्रत तेवढी शाळेच्या ग्रंथालयांत आणून द्यावी. ह्या कामासाठीं एक कपाट राखून ठेविलें आहे. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकीं जे उपनगरांत किंवा परदेशीं गेले आहेत त्यांसहि हीच विनंति आहे.

आतां त्या निबंधाविषयीं. डिसेंबरांत त्या मुलानें तो पुन्हां लिहून आणला. चार पानें झालीं होतीं. अखेरीस लिहिलें होतें, "आमच्या वाडींत पुष्कळ घडलें. मी विचारलें नव्हतें." शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या, म्हणून दहांपैकीं सातच गुण दिले. आजोबा असते तर एकेका चुकीस एक गोळी, ह्या हिशेबानें, आजींच्या पदरांत त्या दिवशीं बऱ्याच गोळ्या पडल्या असत्या.

त्यांचें कुटुंब येत्या मे महिन्यांत भाड्याच्या घरीं जाणार आहे. पेटी बरोबर नेण्याचें ठरलें आहे.